सर्व्हर रूम, डेटा सेंटर आणि मोबाइल टॉवर कमी विजेत थंड ठेवताना : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

महापे-रबाळ्याच्या डेटा सेंटरांपासून गावाकडच्या टॉवरच्या शेल्टरपर्यंत (टॉवरखालची यंत्रांची छोटी खोली) बरीच वर्षं हेच काम करतो आहे. साइटवर, फोनवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जे प्रश्न आले ते इथे एकत्र केलेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच पैसे वाचतात.

ऑफिसात एसी लावतो तसाच सर्व्हरला लावायचा, त्यात वेगळं काय?

सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत पडते. तुमच्या खोलीत १० किलोवॉटची यंत्रं असतील, तर दोन-दोन किलोवॉटचे पाच गीझर दिवसरात्र, दिवाळीलाही, चालू ठेवल्यासारखं आहे. एक टन कूलिंग म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट. दिवसभरात एक टन बर्फ वितळायला लागते तेवढी उष्णता, असं हे बर्फाच्या लाद्यांच्या काळातलं माप. म्हणजे या खोलीला नुसत्या यंत्रांसाठीच तीन टन लागतात. यूपीएस आणि भिंतींतून येणारी उष्णता वेगळी.

दुसरं म्हणजे माणसाला घाम येतो, सर्व्हरला येत नाही. ऑफिसचा एसी हवेतला ओलावाही काढतो आणि त्याच्या ताकदीचा बराच भाग त्यात जातो. सर्व्हर रूममध्ये ती ताकद मोरीतून वाहून जाते.

मुळात खोली गार करणं हे आपलं काम नव्हेच. सर्व्हरच्या पाठीतून निघालेली गरम हवा दुसऱ्या सर्व्हरच्या तोंडाशी न जाता बाहेर पडली पाहिजे. एवढं ध्यानात ठेवलं तर खालची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

एसी १६ वर ठेवला की सर्व्हर जास्त सुरक्षित राहतात ना?

नाही. रिमोटवरच्या १६ ने खोली लवकर गार होत नाही, एसी फक्त थांबायचं विसरतो. कॉइल थंडगार पडते, हवा नको तेवढी कोरडी होते, आणि पावसाळ्यात दार उघडल्यावर थंड पत्र्यावर दव धरतं ते वेगळंच. रिमोटला सेलोटेप मारून '१६ वरून हलवू नये' असं लिहिलेल्या खोल्या मी इतक्या पाहिल्यात, की ती सूचना कुठेतरी छापून मिळते की काय अशी शंका येते.

मग किती अंश ठेवायचं?

ॲश्रे ही एसी क्षेत्रातली अमेरिकी संस्था याबाबत मार्गदर्शक आकडे काढते. २००४ साली त्यांनी सर्व्हरच्या तोंडाशी २० ते २५ अंश सांगितले होते. २००८ मध्ये ते १८ ते २७ झाले. ही झाली शिफारस. आजचे बहुतेक सर्व्हर ज्या वर्गात बसतात त्यात ३५ अंशांपर्यंतची हवा चालते, पण ती अडीअडचणीला. रोज तिथे राहायला जाऊ नका.

माझं मत : हवेची वाट नीट असेल तर २४-२५ ला सुरुवात करा आणि आठवड्याला एकेक अंश चढवा. सिंगापूरचं हवामान मुंबईच्या जवळचं. तिथल्या सरकारी यंत्रणेने २०२३ मध्ये उष्ण प्रदेशांसाठी मार्गदर्शन काढलं, तेही हळूहळू २६ च्या पुढे जायला सांगतं आणि एका अंशामागे कूलिंगची २ ते ५ टक्के वीज वाचते असा हिशेब देतं.

पण २७ च्या पुढे जाताना जपून. इनलेटची, म्हणजे तोंडातून आत शिरणारी, हवा गरम झाली की सर्व्हरचे स्वतःचे पंखे जोरात पळू लागतात आणि ती वीज तुमच्या एसीच्या मीटरवर दिसत नाही. एसीचं बिल उतरतं, सर्व्हरचं चढतं, आणि अहवालात मात्र आपण जिंकलेलो असतो.

तापमान मोजायचं कुठे?

सर्व्हरच्या तोंडाशी. दाराजवळ नाही, एसीच्या परतीच्या जाळीशी नाही. रॅकच्या (सर्व्हर एकावर एक बसवायचं लोखंडी कपाट) समोर तळाशी, मध्ये आणि वर असे तीन सेन्सर लावा. वरचा आकडा बघून निर्णय घ्या, कारण गरम हवा वरून वळसा घालून येते.

एसी कमी पडतोय. नवा घ्यावा का?

थांबा. आधी हे वाचा.

एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या पतसंस्थेत गेलो होतो. तीन रॅक, दोन स्प्लिट चालू, तिसऱ्याचं कोटेशन टेबलावर. दाराजवळचं थर्मामीटर १९ दाखवत होतं आणि रॅकमधल्या वरच्या सर्व्हरच्या तोंडाशी ३४. खोली फ्रीजसारखी आणि सर्व्हर तापलेला! कारण साधं होतं. रॅकमध्ये सर्व्हरांच्या मध्ये रिकाम्या जागा होत्या. मागची गरम हवा त्या फटींतून पुन्हा पुढे येत होती आणि सर्व्हर आपलीच उकळी परत पीत होता. शिवाय मधला रॅक उलटा बसवलेला होता, त्यामुळे एकाची पाठ दुसऱ्याच्या तोंडासमोर. चाचणीपुरते आम्ही कागदाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून फटींवर चिकटवले आणि मधला रॅक फिरवला. संध्याकाळपर्यंत वरचं तापमान सात-आठ अंशांनी उतरलं. मग पुठ्ठे काढून रीतसर ब्लँकिंग प्लेट, म्हणजे रिकामे खण झाकणाऱ्या पट्ट्या, बसवल्या (पुठ्ठा कायमचा ठेवू नका, आग लागते). तिसरा एसी आलाच नाही.

मोठ्या हॉलमध्ये नियम तोच, फक्त आकार मोठा. रॅक तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून उभे करायचे. तोंडांच्या मधली गल्ली थंड, म्हणजे कोल्ड आइल. पाठींच्या मधली गरम, म्हणजे हॉट आइल. यातली एक गल्ली वरून छत आणि टोकांना दार लावून बंद केली की दोन्ही हवा मिसळत नाहीत. मिसळल्या नाहीत की एसीला परत येणारी हवा जास्त गरम असते आणि तेच यंत्र तेवढ्याच हवेत जास्त उष्णता उचलतं. उंच फरशी (खालच्या पोकळीतून थंड हवा सोडतात ती) असेल तर केबलसाठी कापलेली भोकं बुजवा. त्यासाठी ब्रशवाली झाकणं, म्हणजे ग्रोमेट, मिळतात. हॉट आइलमध्ये जाळीची फरशी दिसली तर ती काढून कोल्ड आइलमध्ये लावा. मेंटेनन्सवाल्याला तिथे गरम होतं म्हणून त्यानेच ती बसवलेली असते, नव्वद टक्के वेळा. हा आकडा माझ्या चिडीचा आहे, मोजलेला नाही.

हवा किती लागते याचा अंदाज : पुढून आत शिरलेली हवा मागे १० अंशांनी तापून निघणार असेल, तर किलोवॉटमागे सेकंदाला सुमारे ८३ लिटर हवा. तेवढी तोंडाशी पोचली नाही तर सर्व्हर उरलेली मागून ओढतो.

दोन एसी आहेत. एक चालवून एक राखीव ठेवायचा ना?

जुन्या ठराविक वेगाच्या पंख्यांना ते ठीक होतं. आता वेग बदलणारे ईसी पंखे असलेली यंत्रं असतील तर दोन्ही निम्म्या वेगाने चालवा. पंख्याची वीज वेगाच्या घनाने बदलते. वेग निम्मा केला की वीज एक अष्टमांश. दोन यंत्रं मिळून एक चतुर्थांश, आणि हवा तेवढीच. एक बंद पडलं तर दुसरं वेग वाढवून भार घेतं. पैसे खर्च न करता एवढा फायदा देणारी दुसरी गोष्ट या धंद्यात मला माहीत नाही.

एक मात्र बघा. दोन्ही यंत्रांचे सेटपॉइंट (लावून ठेवलेलं तापमान) आणि ओलाव्याचे आकडे सारखे आहेत ना? एका हॉलमध्ये एक यंत्र हवा कोरडी करत होतं आणि शेजारचं त्याच हवेत वाफ सोडत होतं. दोघांचे सेन्सर दोन-तीन टक्क्यांनी वेगळं वाचत होते, एवढंच. किती वर्षं हे भांडण चाललं होतं कोण जाणे. बिल मात्र दर महिन्याला वेळेवर भरलं जात होतं.

स्प्लिट एसी चालेल की सर्व्हर रूमसाठीचा खास प्रिसिजन एसीच हवा?

दोन-चार किलोवॉटसाठी स्प्लिट चालतो. इन्व्हर्टर घ्या, वीज गेल्यावर आपोआप चालू होणारा घ्या आणि आतलं युनिट रॅकच्या डोक्यावर लावू नका. ड्रेन तुंबला की पाणी थेट सर्व्हरवर. दोन असावेत, टायमरने पाळीपाळीने चालावेत. भार आठ-दहा किलोवॉटवर गेला की प्रिसिजन यंत्राचा विचार करा. ते बारा महिने चोवीस तास चालायला बनवलेलं असतं आणि त्याची ताकद ओलाव्यावर न जाता जवळजवळ सगळी उष्णतेवर खर्च होते.

पीयूई म्हणजे काय? आमचा किती असावा?

इमारतीत आलेली एकूण वीज भागिले सर्व्हर-नेटवर्कने खाल्लेली वीज. १ पेक्षा खाली जाऊ शकत नाही. 'द ग्रीन ग्रिड' या संघटनेने २००७ मध्ये हे माप रूढ केलं. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या पाहणीत त्या वर्षी सरासरी २.५ होती. २०२० नंतर ती १.५५ ते १.६ च्या आसपास अडकून बसली आहे. गूगल स्वतःच्या केंद्रांची सरासरी १.१ च्या जवळ सांगतं.

पैशात बघू. तुमचा सर्व्हरचा भार १० किलोवॉट आणि पीयूई १.८ वरून १.४ वर आला, तर ४ किलोवॉट वाचले. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे ३५,०४० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर साडेतीन लाख. ब्लँकिंग प्लेटची किंमत यापुढे चहापाण्यातली.

कुणी पीयूई सांगितला की विचारा : वर्षाची सरासरी, की डिसेंबरच्या पहाटेचा आकडा? भरलेल्या हॉलचा, की कागदावरच्या डिझाइनचा?

युरोपात म्हणे बाहेरची हवाच आत घेतात, एसीच नसतो. आपल्याकडे का नाही?

फेसबुकचं स्वीडनमधलं लुलेओचं केंद्र २०१३ पासून बाहेरच्या थंड हवेवर चालतं. फिनलंडमध्ये हामिना इथे गूगलने जुनी कागद गिरणी घेऊन समुद्राच्या पाण्यावर थंडावा काढला. वाचायला छान. पण ही पाककृती ऐरोलीत जशीच्या तशी शिजत नाही.

इथे पारा जितका महत्त्वाचा तितकाच ओलावा. माठ आठवा. माठातलं पाणी झिरपतं, वाफ होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी असेल तर हे जोरात चालतं, दमट असेल तर माठ नुसता ओला राहतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की जिथे पारा थांबतो ते वेट बल्ब तापमान. पाणी उडवून थंड करण्याची ती शेवटची पायरी, त्याखाली माठ, कूलर, कूलिंग टॉवर (मोठ्या इमारतींचं पाणी उडवून थंड करणारं यंत्र) कुणीच जाऊ शकत नाही.

आता गणित बघा. नागपूरचा मे : पारा ४४, हवेत ओलावा १५ टक्के, वेट बल्ब सुमारे २३. मुंबईचा जुलै : पारा ३०, ओलावा ८५ टक्के, वेट बल्ब सुमारे २८! म्हणजे पाणी उडवून थंड करायच्या कामात नागपूरचा रणरणता मे मुंबईच्या पावसाळ्यापेक्षा सोपा. विदर्भातल्या कुठल्याही घरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बघा, हे तिथे शाळेतल्या पोरालाही कळतं. म्हणून नागपूर-अकोल्याकडे पाण्यावरचं कूलिंग वर्षातले बरेच महिने कॉम्प्रेसरला सुट्टी देऊ शकतं. नाशिक-पुण्याकडे हिवाळ्याच्या रात्री तर नुसती बाहेरची हवाही पुरते. मुंबई-ठाणे-पनवेल पट्ट्याला चिलर, म्हणजे कॉम्प्रेसरने पाणी थंड करणारं यंत्र, लागतोच, पण थंड पाण्याचा सेटपॉइंट चढवा. जुन्या पद्धतीने ७ अंशांचं पाणी बनवण्यापेक्षा १८-२० चं बनवलं की कॉम्प्रेसरची चढण कमी होते. एका अंशामागे दोन-तीन टक्के वीज धरायला हरकत नाही. आणि हवेची वाट नीट केल्याशिवाय हे जमत नाही, म्हणून ते उत्तर आधी लिहिलं.

बाहेरची हवा थेट आत घेण्याला खाडीच्या कडेला अजून एक अडचण आहे. खाडी, नाले आणि रासायनिक कारखान्यांजवळ हवेत गंधकाची संयुगं असतात. चांदी काळी पडते, तांब्याला गंज चढतो, आणि सर्किट बोर्डावर या दोन्ही गोष्टी असतात. अशा जागी खोलीत तांब्या-चांदीच्या छोट्या पट्ट्या महिनाभर टांगून गंज किती चढला ते प्रयोगशाळेत तपासतात. आधी ते करा, मग फ्री कूलिंगचं, म्हणजे बाहेरच्या हवेवर थंड करण्याचं, बोला.

कूलिंग टॉवरला पाणी किती जातं?

एक लिटर पाणी उडालं की सुमारे ०.६७ युनिट उष्णता नेतं. १ मेगावॉट उष्णता पूर्ण पाण्यावर काढायची तर तासाला दीड हजार लिटर, दिवसाला ३६ हजार. क्षार वाढू नयेत म्हणून काढून टाकावं लागणारं पाणी वेगळं. दहा हजारी टँकर रोज चार धरा. एअर-कूल्ड चिलर पाणी पीत नाही, पण वीज जास्त खातो. जिथे उन्हाळ्यात गाव टँकरवर जगतं तिथे पीयूईचे दोन शतांश वाचवायला पिण्याचं पाणी उडवणं मला पटत नाही. प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

लिक्विड कूलिंग ही नवी फॅशन आहे का?

नवी नाही. १९८५ चा क्रे-२ महासंगणक द्रवात बुडवलेलाच होता. पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा परम ब्रह्म महासंगणक २०१९ पासून आहे, त्यातही चिपवरची उष्णता पाण्यानेच उचलली जाते.

आता गरज वाढली कारण एआयचे रॅक. साधा रॅक ५ ते १० किलोवॉटचा असतो. एनव्हिडियाचा ७२ जीपीयूंचा (एआयचं गणित करणाऱ्या चिपांचा) एक रॅक सुमारे १२० किलोवॉट खातो. एवढी उष्णता हवेने काढायची तर सेकंदाला दहा घनमीटर हवा हवी, म्हणजे घरातल्या एका खोलीची सगळी हवा तीन-चार सेकंदांत त्या एका कपाटातून. तेच काम पाणी सेकंदाला तीन लिटरमध्ये करतं. सारख्याच जागेत पाणी हवेच्या जवळपास साडेतीन हजार पट उष्णता धरतं.

माझ्या मते या तंत्राचा खरा फायदा थंड देशांपेक्षा आपल्याला आहे, आणि ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. चिप सत्तर-ऐंशी अंशांवर सुखाने चालते. तिच्या अंगाला चिकटलेल्या प्लेटमधून ४० अंशांचं पाणीही उष्णता उचलू शकतं. जर्मनीत म्युनिकजवळच्या गार्खिंगमध्ये सुपरएमयूसी हा महासंगणक २०१२ मध्येच कोमट पाण्यावर चालवून दाखवला. मग बघा : पाणी ४० ला चालत असेल तर ते मुंबईच्या ३३-३४ अंशांच्या हवेत नुसत्या रेडिएटरने थंड होतं. कॉम्प्रेसर नाही, पाणी उडवणं नाही, जुलैचा वेट बल्बही आडवा येत नाही. लुलेओला हे वरदान हवेनेच दिलंय, आपल्याला ते पाइपातून मिळवावं लागेल.

अर्थात सगळी उष्णता पाण्यात जात नाही, पॉवर सप्लाय आणि इतर भागांसाठी थोडी हवा लागतेच. पाण्याची शुद्धता, गळती ओळखणारी दोरी, दोन पंप हे खर्च धरा. पाच किलोवॉटच्या रॅकला यातलं काही करू नका.

तेलात बुडवलेले सर्व्हर?

चालतात, पंखे लागत नाहीत. पण पार्ट बदलायचा तर ठिबकता सर्व्हर वर काढावा लागतो. उकळणारे खास द्रव वापरणाऱ्या पद्धतीला धक्का बसला आहे, कारण थ्रीएमने डिसेंबर २०२२ मध्ये असे फ्लोरिनयुक्त द्रव २०२५ अखेर बनवणं बंद करणार म्हणून जाहीर केलं.

मोबाइल टॉवरच्या शेल्टरमध्ये एसी कशासाठी?

खरं सांगू? बहुतेक ठिकाणी बॅटरीसाठी. दूरसंचार यंत्रं ४० अंशांपर्यंत चालतील अशीच बनवलेली असतात. पण सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. घरात एकाला पथ्य म्हणून सगळ्यांनी अळणी जेवावं, तसा सगळा शेल्टर २५ वर ठेवला जातो.

त्यावर उपाय : बॅटरीला स्वतःचं छोटं इन्सुलेटेड कपाट आणि छोटा ४८ व्होल्टचा कूलर द्या, उरलेला शेल्टर ३५ वर जाऊ द्या. किंवा लिथियम बॅटरी लावा, ती उष्णता जास्त सोसते. नवीन साइटवर तर शेल्टरच नको. रेडिओ (सिग्नल पाठवणारं-घेणारं यंत्र) वर टॉवरवर, पाठीला पंखांसारख्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, पंखाही नाही. खाली फक्त एक कपाट. सगळ्यात स्वस्त कूलिंग म्हणजे लागतच नाही ते.

जिथे वीज जाते तिथे हे सगळं डिझेलमध्ये मोजा. छोटा डीजी (डिझेल जनरेटर) लिटरमागे साधारण तीन युनिट देतो. दीड किलोवॉटचा एसी आठ तास चालला तर १२ युनिट, म्हणजे चार लिटर डिझेल नुसतं गारव्याला. दूरसंचार विभागाने जानेवारी २०१२ मध्ये ग्रामीण भागातले निम्मे टॉवर २०१५ पर्यंत सौर-पवनसारख्या संमिश्र विजेवर आणायला सांगितलं होतं. भार कमी न करता पॅनेल लावायला निघालात तर पॅनेलचं शेत करावं लागतं.

शेल्टरला बाहेरची हवा घेणारा फ्री कूलिंग पंखा लावला, पण दोन महिन्यांत बंद पडला.

फिल्टर बघितला का? विदर्भात मे महिन्यात धूळ आणि वेचणीच्या दिवसांत कापसाची तुसं. सांगली-कोल्हापूरकडे उसाचा फड पेटवला की उडणारी काजळी. कोकणात खारी हवा आणि पहिल्या पावसात दिव्याभोवती जमणारे किडे. दर तीन महिन्यांनी फिल्टर बदलायचं जे वेळापत्रक कंपनी देते ते अशा जागेसाठी बनवलेलंच नसतं. फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणारा स्विच लावा आणि त्याचा अलार्म घ्या. कॅलेंडरपेक्षा तो खरं बोलतो.

एसी बंद पडला तर किती वेळ मिळतो?

फक्त हवेचा हिशेब केला तर ६० घनमीटरच्या खोलीत १० किलोवॉट भार असताना सात सेकंदांना एक अंश! भिंती आणि रॅकचं लोखंड थोडी उष्णता पितात म्हणून प्रत्यक्षात काही मिनिटं मिळतात. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदा ४० च्या वर गेला, तेव्हा लंडनमध्ये गूगल आणि ऑरेकलच्या केंद्रांचं कूलिंग कोलमडलं आणि सेवा बंद कराव्या लागल्या. छोट्या खोलीसाठी : ३२ अंशांना एसएमएस जाईल असा सेन्सर, आणि ३८ ला बिनमहत्त्वाचे सर्व्हर आपोआप बंद होतील अशी सोय. दार उघडून पेडस्टल फॅन लावणं हा उपाय तेवढ्यापुरता चालतो. फॅन मात्र आधीच आणून ठेवा, आणि वीज गेल्यावरही तो चालेल अशा यूपीएसच्या प्लगजवळ.

एसीतला गॅस कोणता घ्यावा?

आर-२२ चं नवं यंत्र कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा, तो २०३० पर्यंत भारतातून जातो आहे. आर-४१०ए हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त तापवतो, आर-३२ सुमारे ६७५ पट. छोट्या यंत्रांत आर-३२ घ्या.

आमचे तीनच रॅक आहेत. आम्ही उद्या सकाळी काय करावं?

एक टॉर्च आणि अगरबत्ती घ्या. अगरबत्ती रॅकच्या समोर रिकाम्या खणापाशी धरा (स्मोक डिटेक्टरवाल्याला आधी सांगून). धूर आत ओढला गेला तर ठीक, तुमच्या तोंडावर आला तर तिथून गरम हवा परत येते आहे. तिथे प्लेट लागेल. मग टॉर्च घेऊन आउटडोअर युनिटकडे जा. दोन आउटडोअर एकमेकांच्या तोंडासमोर लावलेत का, कॉइलवर धूळ किंवा कबुतरांचं घरटं आहे का ते बघा. कॉइल धुवून घ्या. सेटपॉइंट २४ करा आणि आठवडाभर वरच्या सर्व्हरचा आकडा वहीत लिहा. वही भरल्यावर फोन करा.